संगणकांचा गारवा आणि आपले पाणी

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानातील एखाद्या उपयोगी विषयावर बोलावे, अशी आपण मला आज्ञा केली. मी व्यवसायाने वातानुकूलन यंत्रांचा माणूस आहे. तेव्हा अंतराळ आणि अणू हे मोठे विषय जाणकारांवर सोपवून मी माझ्या धंद्यातलीच गोष्ट सांगणार आहे. विषय गारव्याचा आहे. पण तो माणसांच्या गारव्याचा नसून संगणकांच्या गारव्याचा आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असल्याने वाचकांनाही विनंती, की पेन्सिल हाताशी ठेवावी. यात थोडा हिशेब आहे आणि तो सातवीच्या गणितापलीकडचा नाही.

आपण मोबाईलवरून लग्नाचे फोटो पाठवतो, बँकेतले पैसे इकडून तिकडे करतो, दहावीचा निकाल पाहतो. हे सारे कोठेतरी वर, हवेत घडते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते जमिनीवर, काँक्रीटच्या मोठमोठ्या इमारतींत घडते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. त्यांत लोखंडी कपाटांच्या रांगा असतात. अशा कपाटाला रॅक म्हणतात आणि त्यात सर्व्हर, म्हणजे अखंड चालणारे संगणक, एकावर एक बसवलेले असतात. आपल्याला हे दूरचे वाटायला नको. भारतातील डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, म्हणून ही केंद्रे येथे वाढली. ऐरोली, रबाळे, महापे या भागांतून रोज लोकलने जाणाऱ्यांनी त्या इमारती पाहिल्याही असतील. त्या कशाच्या आहेत हे मात्र विचारले नसेल.

आता मूळ मुद्दा. पंख्याची वीज वारा देते, दिव्याची वीज उजेड देते. संगणकात गेलेल्या विजेची मात्र जवळजवळ सगळीच उष्णता होते. आपण विचारलेला प्रश्न सुटतो, फोटो जपला जातो आणि मागे उरते ती धग. घरातली इस्त्री साधारण १००० वॉटची असते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी १०० किलोवॉटच्या पुढचे रॅकही बसवले जातात. म्हणजे एका कपाटात शंभर इस्त्र्या रात्रंदिवस तापत ठेवल्या असे समजा. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांतच यंत्रे बंद पडतील. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातील डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा सुमारे दीड टक्का होय. यातली बरीच वीज हिशेब करण्यासाठी नव्हे, तर हिशेब करणाऱ्यांना थंड ठेवण्यासाठी जाते.

माठाची युक्ती आणि तिची किंमत

गारवा मिळवण्याची सर्वांत जुनी आणि स्वस्त युक्ती आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ती म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडणे हीही तीच युक्ती. डेटा सेंटरच्या गच्चीवर कूलिंग टॉवर असतात, तेही एका अर्थी राक्षसी आकाराचे माठच. खालून आलेले गरम पाणी त्यात वरून शिंपडतात, पंख्याने हवा ओढतात. थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले थंड होऊन पुन्हा खाली येते.

आता पेन्सिल घ्या. एक लिटर पाण्याची वाफ झाली, की सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता जाते. म्हणजे एक युनिट उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी लागते. संगणकांचा भार एक मेगावॉट धरा. दिवसाला २४,००० युनिट झाले. ही सगळी उष्णता वाफेवाटे घालवायची तर ३६,००० लिटर पाणी हवेत उडाले. पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो तसे. हे खारट झालेले पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते. कारखान्यात त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार मूळच्या चौपट होईपर्यंत पाणी फिरवले, तर उडालेल्या प्रत्येक तीन लिटरमागे एक लिटर सोडावे लागते. म्हणजे आणखी १२,००० लिटर. एकूण ४८,००० लिटर, अर्थात दहा हजारी टँकर जवळजवळ पाच, रोज, आणि तेही केवळ एका मेगावॉटसाठी. चिलरच्या कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता यात धरलेलीच नाही.

हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एक आठवण देतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सबंध महाराष्ट्राने ती गाडी वर्तमानपत्रात पाहिली. दहा मेगावॉटचे केंद्र निव्वळ बाष्पीभवनावर चालवले, तर तेवढे पाणी त्याला साधारण एका दिवसाला लागेल. सगळी केंद्रे अशी चालत नाहीत, हे मी लगेच सांगतो. पण प्रश्नाचा आकार लक्षात यावा.

निसर्गाने येथे एक पेचही घातला आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो. तोच कूलर मुंबईत आणला तर नुसता दमटपणा वाढवतो. कारण हवा कोरडी असेल तरच पाणी भराभर उडते. म्हणजे माठाची युक्ती जेथे उत्तम चालते, तेथेच बहुधा पाणी कमी असते. आणि जेथे पाऊस भरपूर, तेथे ती नीट चालत नाही. म्हणून परदेशातला एखादा नमुना जशाचा तसा उचलून येथे बसवला, असे या कामात करता येत नाही.

वीज की पाणी?

कोणी म्हणेल, मग पाणी वापरूच नका. घरातल्या एसीसारखी हवेवर चालणारी यंत्रे लावा. तशी यंत्रे आहेत आणि आपल्याकडे पुष्कळ लावलीही जातात. पण उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत उष्णता ढकलायची, तर कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि विजेचे बिल वाढते. पाणी वाचले, वीज गेली.

आणि ही वीज कोठून येते? महाराष्ट्रात मोठा भाग कोळशाच्या औष्णिक केंद्रांतून येतो. त्या केंद्रांनाही थंड करायला पाणीच लागते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने, कूलिंग टॉवर असलेल्या तेव्हाच्या औष्णिक केंद्रांना दर युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. याचा अर्थ असा, की नवी मुंबईत पाण्याऐवजी वीज जाळली, तर पाण्याचा खर्च कोराडीला किंवा चंद्रपूरला होतो. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्यातील मंडळींना आठवत असेल. तेव्हा एका गावाचे पाणी वाचवून दुसऱ्या गावाचे खर्च करणे, ही काटकसर नव्हे.

मग मार्ग कोणता? माझे सांगणे असे, की वीज की पाणी हा वाद घालण्याआधी तिसराच प्रश्न विचारावा. इतका गारवा मुळात हवा आहे का? जो गारवा तयारच करावा लागत नाही, त्याला ना वीज लागते ना पाणी.

न लागणारा गारवा

पूर्वी संगणकाच्या खोलीत गेले की अंगावर काटा येत असे. कर्मचारी स्वेटर घालून बसत. संगणकाला थंडी मानवते, म्हणून जितकी जास्त थंडी तितके बरे, असा समज होता. तो खरा नाही. या क्षेत्रात जगभर मानली जाणारी अमेरिकेतील ॲश्रे ही संस्था २००८ पासून सांगत आली आहे, की सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असली तरी चालते. सिंगापूर हे आपल्यासारखेच दमट आणि उष्ण. तेथील सरकारी यंत्रणेने २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातील केंद्रांसाठी मानक काढले आणि तापमान २६ अंश किंवा त्यावर नेण्याचा मार्ग घालून दिला. एक अंश वाढवला, की थंड करण्याच्या विजेत २ ते ५ टक्के बचत होते, असा त्यांचा हिशेब आहे. यात नवे यंत्र घ्यायचे नाही. फक्त बटण फिरवायचे आणि जुना समज सोडायचा.

पण बटण फिरवण्याआधी गरम आणि थंड हवा वेगळी करावी लागते. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा टाकतो. सगळी कपाटे एकाच दिशेला तोंड करून ठेवली, तर पुढच्याची गरम हवा मागच्याच्या तोंडात जाते. म्हणून कपाटे समोरासमोर ठेवतात. एक गल्ली थंड, एक गल्ली गरम. गल्लीला दार आणि छप्पर करतात. कपाटातील रिकामे खण साध्या पत्र्याने झाकतात, केबलची भोके बुजवतात. फ्रीजचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर गार करायचा प्रयत्न कोणी शहाणी गृहिणी करणार नाही. पण लक्षावधी रुपयांच्या केंद्रात नेमके हेच घडत असते.

पंख्यांचाही एक नियम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. पंख्याचा वेग कमी केला, की त्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. वेग ८० टक्के केला, तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे वीज सुमारे ५१ टक्क्यांवर येते. वारा एक-पंचमांशाने कमी झाला आणि वीज निम्म्यावर आली. म्हणून दोन पंखे मंद चालवणे हे एक पंखा जोरात चालवण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. घनाचे गणित कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर द्यावे.

या सगळ्याचे मोजमाप करण्यासाठी २००७ पासून एक साधा अंक वापरतात. त्याला पीयूई म्हणतात. केंद्राची एकूण वीज भागिले फक्त संगणकांची वीज. उत्तर एकच्या जितके जवळ, तितके केंद्र चांगले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत जगाची सरासरी १.५६ होती, गूगलने आपल्या मोठ्या केंद्रांची सरासरी त्या वर्षी १.०९ सांगितली. आता हा फरक घरगुती भाषेत मांडू. आपल्या एक मेगावॉटच्या केंद्राचा अंक १.६ वरून १.३ वर आणला, तर दिवसाला ७,२०० युनिट वाचतील. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या २,१६० घरांची ती वीज आहे.

पाणी वापरणे आणि पाणी संपवणे

रॅकची धग फारच वाढली, की नुसत्या हवेने भागत नाही. पाणी हे हवेपेक्षा, तेवढ्याच जागेत, तीन हजारपटींहून जास्त उष्णता वाहून नेते. म्हणून आता सर्व्हरमधील चिपवरच धातूची पोकळ पट्टी बसवून तीतून पाणी किंवा तसाच द्रव फिरवतात. हे ऐकून वाटेल, की पाण्याचा खर्च वाढला. तसे नाही. हे पाणी बंद नळीत फिरत राहते, मोटारीच्या रेडिएटरमधल्यासारखे. शिवाय ते बर्फासारखे थंड असावे लागत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यानेही थंड राहत असे. पाणी इतके गरम चालत असेल, तर बाहेरच्या हवेवरच ते थोडे निववता येते. चिलरही नको आणि उडणारे पाणीही नको. आपल्यासारख्या उष्ण देशाला या दिशेत फार आशा आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये, थंड करण्यासाठी पाणी उडवावेच लागू नये अशी बंद नळीची रचना जाहीर केली आणि तिच्यामुळे प्रत्येक केंद्रामागे वर्षाला १२.५ कोटी लिटरहून अधिक पाणी वाचेल असे सांगितले.

पाणी वापरणे आणि पाणी संपवणे यांतला हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून काही मैल आणले, उंचावरून पाडून जाते फिरवले आणि हौदात साठवले. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर आहे. वर पाणी असल्याने ते दालन उन्हाळ्यातही गार राहते आणि यात्रेकरू तेथे विसावा घेत. पाण्याने दळले, गारवा दिला आणि ते पुढे खाम नदीकडे गेले. एकाच पाण्याने दोन-तीन कामे केली आणि तरी ते पाणीच राहिले.

आज हाच धडा सांडपाण्याला लावायचा आहे. जेथे कूलिंग टॉवर लागणारच असेल, तेथे पिण्याचे पाणी कशाला? नागपूर शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. चेन्नईने २०१९ मध्ये कोडुंगैयूर आणि कोयंबेडू येथे रोज साडेचार-साडेचार कोटी लिटर सांडपाणी उद्योगांसाठी शुद्ध करणारी केंद्रे सुरू केली. नवी मुंबई महानगरपालिकेनेही ऐरोली व कोपरखैरणे येथे असे उच्च दर्जाचे शुद्धीकरण करून ते पाणी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला देण्याची सोय केली आहे. फिनलंडमधील हामिना येथे गूगलने जुन्या कागद गिरणीची जागा घेतली आणि २०११ पासून तिच्याच जुन्या बोगद्यातून येणाऱ्या समुद्राच्या पाण्याने केंद्र थंड ठेवले. मोरबे धरणाचे पाणी नळाने घरी यावे. संगणकाला गटाराचे शुद्ध केलेले पाणी पुरते. यात संगणकाचा कोणताही अपमान नाही.

हिशेब उघडा हवा

मित्रहो, यंत्राचा प्रश्न मी सांगितला. पण यात माणसांचाही प्रश्न आहे. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात द डॅल्स नावाचे लहान शहर आहे. तेथील गूगलच्या केंद्रांना किती पाणी जाते, हे एका वृत्तपत्राने विचारले. ते व्यापारी गुपित आहे, अशी भूमिका घेऊन नगरपालिका २०२१ मध्ये कोर्टात गेली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. शहराच्या पाण्यापैकी पाव हिश्श्याहून अधिक पाणी त्या केंद्रांना जात होते. ते योग्य की अयोग्य, हे त्या गावाने ठरवावे. पण ठरवण्यासाठी आकडा तर हवा. पाण्याचा हिशेब गुप्त ठेवला, की काटकसर करणाराही संशयात सापडतो आणि उधळपट्टी करणारा निर्धास्त होतो.

म्हणून आपल्या भागात असे केंद्र आले, तर त्याला विरोध करण्याची घाई करू नका आणि हारतुरे घेऊन धावण्याचीही करू नका. तीन प्रश्न विचारा. संगणकांना किती युनिट आणि गारव्याला किती? पाणी दिवसाला किती लिटर, आणि मे महिन्यात किती? ते पाणी पिण्याचे की शुद्ध केलेले? हे तीन आकडे जो मालक दरवर्षी छापतो, त्याच्याशी बोलता येते.

शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांसाठी आणि त्याहून अधिक पालकांसाठी. संगणक म्हटले, की मुलाने खुर्चीत बसून प्रोग्रॅम लिहावा, एवढेच चित्र आपल्यासमोर येते. मी सांगितलेली कामे पाहा. गल्ल्या बंद करणे, पंख्यांचा वेग बांधणे, पाण्यातले क्षार मोजणे, गळती शोधणे, चिलर राखणे. ही आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेल्या मुलाची, डिप्लोमा झालेल्या मुलीची, रसायनशास्त्राच्या पदवीधराची कामे आहेत. क्षार दुपटीऐवजी चौपट होईपर्यंत पाणी बिनधोक फिरवणारा जाणता माणूस एका मेगावॉटमागे रोज २४,००० लिटर पाणी वाचवतो. ७२,००० चे ४८,००० करतो. दर माणशी १३५ लिटर धरले, तर पावणेदोनशे माणसांचे ते पाणी झाले. हे काम हाताला तेल लागणारे आहे म्हणून कमी प्रतीचे, असे कृपा करून कोणी समजू नये. आपल्या संस्थेने अशा अभ्यासक्रमांकडे जाणाऱ्या मुला-मुलींना शिष्यवृत्तीत डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगच्या बरोबरीने जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.

माहितीचे युग आले आहे आणि ते परत जाणार नाही. परत जावे असेही मला वाटत नाही. आज खेड्यातल्या मुलीला घरबसल्या जे शिकता येते, ते आमच्या वेळी शहरातही मिळत नव्हते. मात्र त्या मुलीच्या अभ्यासासाठी चालणाऱ्या यंत्राने तिच्याच डोक्यावरच्या हंड्यातले पाणी पिऊ नये. एवढी व्यवस्था करणे आपल्या हातात आहे आणि ती करण्याची विद्या उपलब्ध आहे. ती विद्या घेणारी मुले या सभागृहातून निघावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.